पहिल्या दिवशी घाटावर कोण होते?

पार्सिपनीतल्या कोणत्याही मराठी घरी जाऊन वडीलधाऱ्यांना विचारा, "तुम्ही या देशात आलात तो दिवस आठवतो का?" उत्तर लगेच येते. कोणत्या महिन्यात आलो, अंगात कोणता स्वेटर होता, बॅगेत कुकर आणि गोडा मसाला कसा कोंबला होता, न्यूअर्कच्या किंवा केनेडी विमानतळावर घ्यायला कोण आले होते आणि त्या रात्री कोणाच्या घरी पहिला वरणभात जेवलो, हे सारे ते एका दमात सांगतात. चाळीस-पन्नास वर्षे झाली तरी तो दिवस पुसलेला नसतो.

आता हाच प्रश्न आपण आपल्या गिरमिटिया पणजोबांबद्दल विचारून पाहू. ते जहाजातून उतरले त्या दिवशी काय झाले? त्यांना काय दिसले, काय खाल्ले, कोण बोलले? बहुतेक घरांत याचे उत्तर नाही. कोणाकडे जहाजाचे नाव आहे, कोणाकडे एक क्रमांक आहे, कोणाकडे तेवढेही नाही. शताब्दीच्या निमित्ताने आपण आगमनाचा उत्सव करतो, पण त्या आगमनाचा पहिला दिवसच आपल्या हाती नाही. तो का नाही, आणि ज्यांचा आहे त्यांचा का आहे, हे समजून घेण्यासाठी हा लेख आहे.

मॉरिशसपासून सुरुवात करू, कारण मराठी गिरमिटियांची मोठी वस्ती तिथे झाली. ब्रिटिश साम्राज्यात गुलामी बंद करण्याचा कायदा १८३३ मध्ये झाला. ऊसमळ्यांना मजूर हवे होते आणि ते हिंदुस्थानातून आणायचे ठरले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ॲटलस नावाच्या जहाजातून ३६ मजूर पोर्ट लुईला पोचले. करार पाच वर्षांचा, पुरुषाला महिना पाच रुपये आणि शिधा. ॲग्रीमेंट या शब्दाचे गिरमिट झाले आणि ते करणारा गिरमिटिया झाला. त्यानंतरच्या सुमारे ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसे त्या बंदरात उतरली. बहुसंख्य कलकत्त्याहून, त्याखालोखाल मद्रासेहून आणि काही मुंबईहून. मुंबईहून निघालेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातली माणसे होती. त्या काळी आजचा सिंधुदुर्गही रत्नागिरीतच होता. घाटमाथ्यावरचीही होती.

पोर्ट लुईच्या किनाऱ्यावर १८४९ मध्ये मजुरांसाठी डेपो बांधला गेला. लोक त्याला कुली घाट म्हणत. आज त्याला आप्रवासी घाट म्हणतात आणि २००६ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. होडीतून उतरले की दगडी पायऱ्या लागत. त्या सोळा पायऱ्या आजही तिथे आहेत. वर चढले की दरवाजा, कचेरी, रुग्णालयाचे दालन, स्वयंपाकाची जागा आणि मजुरांना बसवायच्या पडव्या. साधारण दोन दिवस तिथे मुक्काम होई. त्या अवधीत कारकून नोंद करी, तपासणी होई, मळेवाल्यांशी मजुरांचे वाटप होई. मग गाठोडे उचलायचे आणि मळ्याच्या वाटेला लागायचे.

म्हणजे पहिल्या दिवशी घाटावर कोणीतरी उभे होते, हे खरे. पण ते उभे होते मोजणी करायला. कारकून विचारी ते त्याच्या रकान्यांपुरते: नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव, अंगावरची खूण, जहाज, मळा. प्रत्येकाला एक क्रमांक मिळे आणि पुढे आयुष्यभर सरकारी कागदावर तोच क्रमांक माणसाची ओळख राही. १८६० च्या दशकापासून छायाचित्रेही घेऊ लागले. ती पाहिली की छातीत कालवते. त्या डोळ्यांत पहिल्या दिवसाचे सगळे काही आहे, पण ते वाचता येईल असे काही लिहिलेले नाही.

नाव सांगणारा कोकणी, ऐकणारा परका आणि लिहायची लिपी रोमन. मग गावाचे नाव कारकुनाच्या कानाला जसे लागले तसे उतरले. वाडीचे नाव सांगितले की गावाचे, तालुक्याचे की बंदराचे, हे त्यालाही कळले नसेल. म्हणूनच आज वंशज कोकणात येऊन गाव शोधू लागतात तेव्हा नकाशावर तसे गाव सापडत नाही. चूक पणजोबांची नव्हती. त्यांनी गाव बरोबरच सांगितले होते. लिहिणारा त्यांचा नव्हता.

आता याच काळातली दुसरी एक समुद्रयात्रा पाहू. ती न्यू जर्सीपर्यंत, म्हणजे आपल्या पार्सिपनीच्या शेजारापर्यंत येते.

१८८३ साली कलकत्त्याच्या हुगळी नदीतून गिरमिटियांची जहाजे सुटत होती. नदीकाठी गार्डन रीच भागात मजूर ठेवण्याचे डेपो होते. मॉरिशस, डेमरारा, त्रिनिदाद, नाताळ, सुरीनाम, फिजी अशा दूरदूरच्या वसाहतींकडे माणसे जात होती. त्याच नदीतून त्याच वर्षी ७ एप्रिलला एक अठरा वर्षांची मराठी मुलगी जहाजात बसली. तिचे नाव आनंदीबाई जोशी. जन्म ३१ मार्च १८६५ चा, माहेरचे नाव यमुना, माहेर कल्याणचे. नवरा गोपाळराव टपाल खात्यात नोकरीला होता आणि बदली होत होत हे जोडपे बंगालमध्ये श्रीरामपूरला आले होते. तिला डॉक्टर व्हायचे होते. पहिले मूल जन्मून थोड्याच दिवसांत गेले होते, आणि बाईवर उपचार करायला बाई डॉक्टर हवी, हे तिने स्वतःच्या अंगावर सोसून जाणले होते.

जाण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, तिने श्रीरामपूरला जाहीर सभेत इंग्रजीत भाषण केले. समुद्र ओलांडून का जाते, एकटी का जाते, परत आल्यावर जातीने वाळीत टाकले तर काय करणार, या प्रश्नांना तिने उभे राहून उत्तरे दिली. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हा तिचा निर्धार होता. काळे पाणी ओलांडल्याचा दोष जसा आपल्या पणजोबांच्या माथी आला, तसाच तिच्याही माथी येणार होता. फरक इतकाच की तिला आपली बाजू मांडायला सभा मिळाली. पणजोबांना कोणी विचारलेच नाही.

५८ दिवसांनी, ४ जून १८८३ रोजी, आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या. अकरा दिवसांपूर्वीच ब्रुकलिनचा पूल रहदारीला खुला झाला होता. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अजून उभा राहायचा होता. तो तीन वर्षांनी, १८८६ मध्ये उभा राहिला. एलिस बेटावरची कचेरीही नव्हती. ती १८९२ ची. अशा न्यूयॉर्कमध्ये लुगडे नेसलेली ही मुलगी उतरली, आणि तिला घ्यायला न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर नावाच्या बाई आल्या होत्या.

दोघींनी एकमेकींना त्याआधी कधी पाहिले नव्हते. ओळख झाली ती पत्रांतून. गोपाळरावांनी कोल्हापूरला असताना बायकोच्या शिक्षणासाठी एका अमेरिकी मिशनऱ्याशी पत्रव्यवहार केला होता. तो पुढे अमेरिकेतल्या मिशनच्या मासिकात छापून आला. कार्पेंटरबाई दंतवैद्याकडे आपला नंबर येण्याची वाट पाहत बसल्या असताना ते मासिक त्यांच्या हाती पडले. त्यांनी १८८० मध्ये आनंदीबाईंना पत्र लिहिले, आणि मग पत्रे सुरू झाली ती थांबली नाहीत. तीन वर्षे लिहिता लिहिता कार्पेंटरबाई मावशी झाल्या. म्हणून गोदीवर उतरली ती कोणी अनोळखी परदेशी बाई नव्हती. ती भाची होती आणि मावशी तिला न्यायला आली होती.

तिथून त्या रोझेलला गेल्या. पार्सिपनीहून मोटारीने हे गाव पाऊण तासाच्या आसपास आहे. आपल्यापैकी कितीतरी जण गार्डन स्टेट पार्कवेने त्याच्या अगदी जवळून जातात आणि त्यांना ते ठाऊक नसते. त्या वेळी रोझेल हे जगातले एक नवलाचे गाव होते. १९ जानेवारी १८८३ रोजी थॉमस एडिसनच्या कंपनीने तिथे खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावले होते. असा प्रयोग झालेले ते पहिलेच गाव. कलकत्त्याहून निघालेली आणि घरी तेलाच्या दिव्यावर अभ्यास केलेली मुलगी पाच महिन्यांनी तिथे पोचली. दिव्यांचा हा योगायोग मोठा आहे, पण माझ्या मते त्या दिवशी तिच्या कामी आला तो दिवा नव्हे. घरात शिरताना आपले नाव नीट घेणारे कोणीतरी होते, ते कामी आले.

उन्हाळाभर त्या कार्पेंटरांच्या घरी राहिल्या, घरातल्या मुलींशी त्यांची गट्टी जमली, आणि शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाची जागा त्यांना देऊ झाली. पण क्षयाने गाठले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय बावीस वर्षेही पुरे नव्हते.

आता दोन्ही पहिले दिवस शेजारी ठेवून पाहू. हिंमत दोघांकडे होती. सोळा पायऱ्या चढणाऱ्या कोकणी शेतमजुराची हिंमत आनंदीबाईंपेक्षा तसूभर कमी नव्हती. उलट आपण कुठे चाललो आहोत हे त्याला नीट सांगितलेलेही नसे. फरक दोन गोष्टींचा होता. एक, आनंदीबाईंना लिहिता येत होते. दुसरी, त्यांची वाट पाहणारे माणूस होते. लिहिता येणे हे त्या काळी जातीवर आणि घराण्यावर अवलंबून होते, हेही मोकळेपणाने म्हटले पाहिजे. बाई असल्यामुळे त्यांच्यावर बंधने होती, पण ब्राह्मण घरातल्या, शिकलेल्या नवऱ्यामुळे त्यांच्या हाती लेखणी आली. म्हणूनच त्यांच्या प्रवासाची, मनःस्थितीची, जेवणाखाण्याची पत्रे राहिली. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले, काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. आपल्या पणजोबांचे चरित्र मात्र एका ओळीचे राहिले, आणि ती ओळ दुसऱ्याने लिहिली.

ज्याला शिकूच दिले नव्हते अशा समाजातून आलेल्या माणसाच्या हाती लेखणी आली की काय होते, हे पुढच्या पिढीने पाहिले. जून १९१३ मध्ये बडोद्यात बावीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी एका करारावर सही केली. बडोदे संस्थान अमेरिकेत शिकण्याचा खर्च देणार आणि परतल्यावर त्यांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची. तोही एक प्रकारे गिरमिटच. पण सही करणाऱ्याला त्यातले अक्षर न् अक्षर वाचता येत होते. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला उतरले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. पहिले काही दिवस वसतिगृहातले जेवण त्यांना मानवले नाही, म्हणून त्यांनी जागा बदलली. जागा बदलता येणे ही आपल्याला साधी गोष्ट वाटते. गिरमिटियाला ती करता येत नव्हती. मॉरिशसमध्ये एक दिवस कामावर गैरहजर राहिले तर दोन दिवसांची मजुरी कापत.

गिरमिट संपवण्याच्या लढ्यातही कोकणचा वाटा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी १८६६ मध्ये जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय विधिमंडळात गिरमिट पद्धत पूर्ण बंद करण्याचा ठराव मांडला. सरकारी बहुमताने तो नामंजूर झाला. पण वारे फिरले होते, आणि मार्च १९१७ मध्ये गिरमिटाने मजूर पाठवणे थांबले. गोखले ते पाहायला राहिले नव्हते. ते १९१५ मध्येच गेले. गिरमिटियांचे गाव आणि त्यांची बाजू मांडणाऱ्याचे गाव एकाच जिल्ह्यात असावे, याचा आपल्याला अभिमान वाटला तर तो वावगा नाही.

त्याच १९१७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने कायदा करून हिंदुस्थानसह आशियाच्या मोठ्या भागातल्या लोकांना आपले दार बंद केले. एक दार मजुराला ओढून नेत होते ते बंद झाले, आणि दुसरे आपखुशीने जाणाऱ्याला बंद झाले. १९४६ मध्ये ते किंचित उघडले, वर्षाला शंभर माणसांपुरते. खऱ्या अर्थाने उघडले ते ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. राष्ट्रांप्रमाणे ठरवलेला जुना कोटा गेला आणि शिक्षण, कसब व नातेवाईक यांच्या आधारावर माणसे येऊ लागली. डॉक्टर आले, इंजिनिअर आले, मागून त्यांची भावंडे आली, पुढे संगणकाचे लोक आले. आज पार्सिपनीत जे मराठी दिसतात ते याच दाराने आलेले.

पार्सिपनी हे नावच मुळी इथल्या मूळच्या लेनापी लोकांच्या भाषेतले. ज्यांनी ते ठेवले त्यांना मात्र इथून जावे लागले. आजची पार्सिपनी-ट्रॉय हिल्स नगरी १९२८ मध्ये वेगळी झाली. २०२० च्या खानेसुमारीत लोकसंख्या ५६ हजारांच्या घरात होती आणि त्यात भारतीय मोठ्या संख्येने आहेत. लेक हायवाथा भागात नॉर्थ बेव्हरविक रस्त्यावर भारतीय दुकाने आहेत. नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कोथिंबीर, तूरडाळ आणि अगरबत्ती मिळते. त्याला घाट नाही, डेपो नाही.

व्हिसाच्या कागदाला कोणी कोणी गमतीने गिरमिट म्हणतात. नोकरी एका कंपनीला बांधलेली, हिरव्या कार्डाची वर्षानुवर्षे वाट, घरी जायचे तर शिक्क्याची धास्ती. साम्य वाटते खरे. पण गिरमिटियांच्या वंशजांसमोर तरी आपण ही गंमत जपून करावी. आपल्याला करार वाचता येतो, नोकरी सोडून परत जाता येते, रात्री आईचा चेहरा पडद्यावर दिसतो. ज्यांना यातले काहीच नव्हते त्यांचा शब्द आपण उसना घेतो, तेव्हा त्याचे वजन ठाऊक असावे.

आणि इतके काही नसताना त्यांनी काय जपले ते पाहा. मॉरिशसमध्ये आजही गणपती बसतो आणि गणेशचतुर्थीला देशाची सार्वजनिक सुट्टी असते. कोकणातली जाखडी तिथे झाकरी म्हणून नाचतात. २ नोव्हेंबर हा मजुरांच्या आगमनाचा दिवसही तिथे सुट्टीचा असतो. पणजोबांनी पहिला दिवस लिहून ठेवला नाही, पण ज्या दिवसासाठी ते जगले ते सण मुलांच्या पायांत आणि गळ्यात उतरवले. हाताने लिहिता आले नाही ते अंगाने लिहिले, असे म्हणायला हरकत नाही.

मग आपण काय करायचे? वाचकांपुढे दोन-तीन साध्या गोष्टी ठेवतो.

ज्यांच्या घरात जहाजाचे नाव किंवा क्रमांक आहे त्यांनी तो आधी दोन ठिकाणी उतरवून ठेवावा. मॉरिशसमध्ये मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत हिंदुस्थानी मजुरांच्या नोंदी जपलेल्या आहेत. क्रमांक असेल तर शोधाला धागा मिळतो. गावाचे नाव वाचताना ते मोठ्याने म्हणून पाहावे आणि कोकणी माणसाला ऐकवावे. डोळ्यांना न सापडलेले गाव कधी कधी कानाला सापडते.

दुसरे, आपल्या घरात आज जी माणसे ऐंशीच्या पुढे आहेत त्यांचा पहिला दिवस या वर्षी लिहून घ्यावा. तो इतका ठळक आठवतो म्हणून आपल्याला वाटते की तो कायम राहील. तो राहत नाही. पणजोबांनाही त्यांचा दिवस असाच ठळक आठवत असणार. ते मुलांना सांगतही असतील. पण कागदावर आला नाही आणि तीन पिढ्यांत गेला. विचारताना तारखेशी अडू नये. विमानतळावर कोण आले होते, पहिल्यांदा काय खाल्ले, रडू कधी आले, एवढे विचारले तरी पुरे.

तिसरे लिहिण्याचे नाही, करण्याचे आहे. अजूनही आपल्या गावात दर आठवड्याला कोणीतरी नवीन येत असते. कोणाचे आईवडील पहिल्यांदाच येतात, कोणी विद्यार्थी येतो, कोणी लग्न होऊन येते. त्यांना घ्यायला जाता आले तर जावे.

कार्पेंटरबाईंनी एका दिवशी गोदीवर जाण्याचे काम केले आणि ते शेवटपर्यंत निभावले. आनंदीबाई गेल्यावर गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेला मावशीकडे पाठवल्या. मावशीने त्या न्यूयॉर्क राज्यात पकीप्सी गावच्या दफनभूमीत, आपल्या घरच्या माणसांशेजारी ठेवल्या. त्यावर दगड आहे, दगडावर नाव आहे. पार्सिपनीहून सकाळी निघाले तर जाऊन दुपारी परत येता येते. या शताब्दी वर्षात एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तिथे जाऊन यावे. आणि फुले वाहताना, ज्यांच्या पहिल्या दिवशी घाटावर आपले असे कोणीच नव्हते, त्या आपल्या माणसांचीही नावे, जितकी ठाऊक आहेत तितकी, मोठ्याने घ्यावीत.